रेघा आडव्या केल्या की विजारीत काय काय बदलतं

प्रश्न असा आहे: "ताई, सांगलीत आमचा शाळेचे गणवेश शिवायचा छोटा कारखाना आहे, सहा मशीनं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकाने कॉर्डुरॉयच्या उभ्या रेघा आडव्या करून विजारी विकल्या आणि त्यावर कंपनी उभी केली, असं वाचलं. म्हणजे कापड फिरवून कापायचं, एवढंच ना? मलाही अशा काहीतरी वेगळ्या विजारींचे शंभर नग काढून ऑनलाइन विकायचे आहेत. जमेल का?"

जमेल. पण तुमच्या "एवढंच ना?"चं उत्तर आधी देते, कारण शंभर नगांचं नफा-नुकसान त्यातच आहे. मी २८ वर्षं पॅटर्न आणि कटिंगचं काम करते आहे. कापड फिरवून कापलेली कॉर्डुरॉयची विजार मी स्वतः केली आहे, पहिल्या खेपेला ती बिघडवलीही आहे.

कॉर्डुरॉयच्या रेघा उभ्याच का असतात, ते आधी समजून घ्या. हे कापड विणताना सपाटच असतं. त्यात आडव्या धाग्यांचे दोन प्रकार असतात: एक कापड धरून ठेवणारे, दुसरे वरून लांब तरंगत जाणारे. विणून झाल्यावर बारीक गोल पाती कापडाच्या लांबीने पळवून हे तरंगते धागे मधोमध कापतात, मग घासून लव उभी करतात. पाती लांबीने पळतात म्हणून रेघाही लांबीनेच पडतात. तुमच्याकडच्या उसाच्या शेतातला सरी-वरंबा डोळ्यांपुढे आणा, कॉर्डुरॉय अगदी तसंच दिसतं. लवेचा वरंबा, मध्ये मोकळी सरी. एका इंचात जितके वरंबे तितक्या "वेल"चं कापड म्हणतात. बाजारात जास्त करून मिळतं ते ११ वेलचं, म्हणजे एक वरंबा आणि एक सरी मिळून साधारण २.३ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता घरात कॉर्डुरॉयची विजार असेल तर तिचा कमरपट्टा बघा. बहुतेक विजारींत पट्ट्यावरच्या रेघा आडव्याच असतात, कारण पट्टा ताणू नये म्हणून तो ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या दिशेने कापतात. म्हणजे आडवी रेघ अंगावर आधीपासूनच होती, तेवढ्या दोन इंचांपुरती. ख्रिस लिंडलंड या माणसाने ती खाली पायापर्यंत नेली. २००५ च्या सुमारास त्याने "कॉर्डाराउंड्स" या नावाने या विजारी इंटरनेटवरून विकायला सुरुवात केली, पुढे त्यातूनच "बेटाब्रँड" ही कंपनी झाली. जाहिरातीत त्यांनी मोठ्या शास्त्रीय थाटात सांगितलं होतं, की चालताना दोन्ही मांड्यांवरच्या आडव्या रेघा एकमेकींत अलगद बसतात, म्हणून घर्षण कमी आणि उष्णताही कमी. लोक हसले, एकमेकांना दाखवत सुटले आणि विकत घेऊ लागले.

हसू येणं हा पहिल्या विक्रीचा भाग झाला. माणूस दुसरी विजार घेतो ती मात्र पहिली धुऊन, वापरून, बसून-उठून बघितल्यावर. माझं काम तिथे सुरू होतं.

पहिली गोष्ट आटण्याची. एका बुटिकसाठी मी असा नमुना केला होता. माप ३४ कंबर. घालून बघितला तेव्हा सुरेख बसला, आरशासमोर सगळे खूश. मग नेहमीप्रमाणे धुवायला टाकला. वाळल्यावर बटण काजापर्यंत पोचेना, चांगलं सव्वा इंच मागे राहिलं. शिलाईत काहीच चूक नव्हती. कापड ताण्याच्या दिशेने जास्त आटतं, बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या दिशेने कमी. कापड नेहमीसारखं उभं कापलं की ते आटणं विजारीच्या उंचीत जातं: ४२ इंचांत ४ टक्के म्हणजे पावणेदोन इंचांच्या आत-बाहेर, आणि ते आपण खालच्या मुडपीत ठेवलेल्या कापडातून भरून काढतो. आडवं कापलं की तेच आटणं घेरात जातं. ३४ च्या कंबरेतून सव्वा इंच गेला, तर तो भरून काढायला जागाच नसते. म्हणून आडव्या कामाला कापड आधी धुऊन, पूर्ण वाळवून, मगच टेबलावर घ्यायचं. तागा आल्या आल्या त्यातला एक मीटर कापून त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखा, तीनदा धुवा आणि दोन्ही दिशांनी मोजा. गणवेशाच्या पॉलिस्टर-मिश्रित कापडात तुम्हाला याची सवय नसेल, ते फार आटत नाही.

लायक्रा, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, असलेलं कॉर्डुरॉय या कामाला घेऊ नका. त्यात ताण बाण्यात असतो, म्हणजे नेहमीच्या विजारीत तो कमरेभोवती आणि मांडीभोवती मिळतो. फिरवलं की तो वरून खाली जातो. कंबर ताठ राहते, आणि उभ्या दिशेने ताणलेली विजार दिवसभरात गुडघ्यावर फुगते.

आता लवेची दिशा. कॉर्डुरॉयवर हात फिरवा: एका बाजूने मऊ लागतं, उलट्या बाजूने अडतं, आणि रंगसुद्धा फिकट-गडद दिसतो. उभ्या विजारीत सगळे तुकडे एकाच दिशेने लावले की काम संपतं. आडव्या विजारीत लव पायाभोवती फिरते. सगळे तुकडे डोळे झाकून एकाच दिशेने लावले, तर एका पायावर लव आत वळते आणि दुसऱ्यावर बाहेर. खिडकीजवळ उभं राहिलं की दोन पाय दोन रंगांचे दिसतात. हे टाळायला कापडाचे थर तोंडाला तोंड लावून अंथरायचे आणि दोन्ही थरांची लव एकाच बाजूला ठेवायची. त्यासाठी प्रत्येक थर कापून फिरवावा लागतो, नुसती घडी घालून चालत नाही. मार्करमध्ये, म्हणजे कापडावर तुकडे मांडायच्या आराखड्यात, पुढच्या तुकड्याची बाजूची शिवण लवेच्या दिशेला आणि मागच्या तुकड्याची लवेच्या उलट दिशेला ठेवा. मग पुढून मागे, मागून परत पुढे, अशी लव पायाला सलग वेढा घालते आणि दोन्ही पाय आरशातल्यासारखे एकमेकांचे उलट येतात. एवढं एक जमलं तरी विजार महागाची दिसते.

कापड किती लागतं? पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, असतो ५६ ते ५८ इंच. विजारीचा तुकडा मुडपी आणि शिवणीसकट ४५ इंचांच्या आसपास. म्हणजे पन्ह्यात एकच तुकडा उभा राहतो आणि काठाला ११-१२ इंचांची पट्टी उरते. ती टाकू नका. कमरपट्टा, झिपखालची पट्टी, खिशांच्या तोंडाच्या पट्ट्या, पट्ट्याचे लूप, सगळं त्यातून निघतं, आणि पट्टी कापडाच्या लांबीने असल्यामुळे त्यावरच्या रेघा आपोआप आडव्या येतात. तरी नेहमीपेक्षा नगामागे पाव मीटर जास्त धरून चला.

यापुढचं काम मशीनवरचं आहे आणि सगळ्यात नाजूक तेच आहे. आडव्या रेघा बाजूच्या शिवणीवर एकमेकींना भेटल्या पाहिजेत, चौकड्याच्या शर्टात रेघ जुळवतो तशा. तुमचा कारागीर दोन तुकडे तोंडाला तोंड लावून ठेवेल. तेव्हा बोटांना जाणवेल, की कापड स्वतःच घसरून जागा घेतं: एका तुकड्याचा वरंबा दुसऱ्याच्या सरीत जाऊन बसतो. हाताला फार बरं वाटतं, काम जुळलं असंच वाटतं. तशीच टीप मारली आणि शिवण उघडली, की दिसतं वरंब्यासमोर सरी आलेली. अर्ध्या रेघेचा फरक, ११ वेलमध्ये मिलिमीटरभर. लांबून कळत नाही, पण शिवणीपाशी रेघ तुटल्यासारखी दिसते आणि गिऱ्हाईक "काहीतरी चुकलंय" एवढंच म्हणतं, काय ते त्याला सांगता येत नाही. त्या जाहिरातीत मांड्यांबद्दल जे म्हटलं होतं ते मशीनच्या दाताखाली खरंच होतं आणि तिथे ते आपल्याला नको असतं. उपाय जुनाच आहे: वरंब्यावर वरंबा ठेवून दर चार इंचांवर टाचणी, पहिल्या काही नगांना सरळ कच्चा टाका. मशीनला वॉकिंग फूट लावा, म्हणजे वरचा थर पुढे सरकत नाही. टाका लांब ठेवा, ३ मिलिमीटरचा. प्रेस करताना इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल आणि फक्त वाफ. सरळ बाजूने दाबलेली इस्त्री त्या जागी कायमची दिसते.

रेघ जुळवायची तर पॅटर्नमध्येही एक जुनी सवय सोडावी लागते. आपण मागच्या तुकड्याची आतली शिवण पुढच्यापेक्षा अर्धा-पाऊण सेंटिमीटर तोकडी कापतो आणि शिवताना मांडीपाशी ताणून घेतो, त्याने मागची बाजू छान बसते. आडव्या रेघांत तेवढ्या फरकात दोन-तीन वरंबे चुकतात. दोन्ही बाजू सारख्या करा आणि बसण्याची सोय मागच्या बाजूच्या तिरकसपणातून काढा. तो तिरकसपणा वाढवला की मागे मधल्या शिवणीवर रेघा खाली उतरून व्हीसारख्या मिळतात. ते मला आवडतं, पण दोन्ही बाजूंचे वरंबे मोजून जुळले असतील तरच. मागे चिमटा घेऊ नका, तो रेघा मोडतो. वर योक, म्हणजे कमरपट्ट्याखाली वेगळा जोडलेला तुकडा, लावा आणि चिमट्याचं कापड त्या जोडात जिरवा.

इतकं सगळं लिहिलं ते घाबरवायला नाही. एक गोष्ट फिरवली की तिच्यामागे आणखी दहा फिरतात, आणि त्या दहा सांभाळणारा माणूस कारखान्यात असला तर छोटी कंपनी टिकते. बेटाब्रँडने पुढे सायकलने कामावर जाणाऱ्यांसाठी विजार काढली. दिसायला साधी, पण पायाची कड दुमडली की आतून चमकणारी पट्टी बाहेर यायची, रात्री मागून येणाऱ्या गाडीला दिसावी म्हणून. सायकलवाला पाय दुमडतोच, चेनमध्ये अडकू नये म्हणून. त्याच दुमडीत त्यांनी काम साधलं. मग बायकांसाठी आली ती सगळ्यांत गाजली: दिसायला ऑफिसची, पट्ट्याचे लूप वगैरे सगळं असलेली, पण कापड योगाच्या विजारीसारखं ताणणारं. तिचं नावसुद्धा तेच, "ड्रेस पँट योगा पँट". आडव्या रेघा म्हणजे डोळ्यांना गंमत होती, या दोन्हींनी मात्र रोजची एक अडचण सोडवली. कंपनी मोठी झाली ती दुसऱ्या जातीच्या विजारींवर, हे तुम्ही नीट लक्षात घ्या.

बेटाब्रँडच्याच गावाची, सॅन फ्रान्सिस्कोची, आणखी जुनी गोष्ट आहे. नेवाडातल्या रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका बाईने नवऱ्यासाठी, तो लाकडं तोडायचा, फाटणार नाही अशी विजार मागितली. डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिबिटी ठोकल्या. मागणी वाढली तेव्हा तो ज्याच्याकडून कापड घ्यायचा त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लेव्ही स्ट्रॉसकडे गेला आणि २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावावर पेटंट झालं. तेव्हा विजारीवर रिबिट म्हणजे विचित्रच दिसलं असेल.

म्हणून माझा आग्रह असा, की आडव्या रेघांची विजार तुम्ही शिकण्यासाठी एकदा जरूर करा, पाच नग, घरच्यांसाठी. रेघ, लव, आटणं, तिन्ही गोष्टी हाताला कळतील. पण विकायला काढाल ती तुमच्या आजूबाजूच्या माणसांची अडचण असू द्या. मला सुचतं ते सांगते. आपल्याकडे माणूस ऑफिसची विजार घालून सत्यनारायणाला जातो, पंगतीला बसतो, गाण्याच्या बैठकीला जातो, आणि मांडी घालायची वेळ आली की आधी विजार वर ओढतो, मग एक पाय बाहेर काढून तिरका बसतो. तुम्हीही बसला असाल. लेंग्यात हा त्रास होत नाही कारण त्याला सैल आसन असतं. फॉर्मल विजारीत दोन पायांच्या मधे चार शिवणी एकाच बिंदूवर भेटतात, सगळा ताण तिथे येतो, आणि फाटते तेव्हा तिथेच फाटते. त्या जागी शंकरपाळीसारखा एक तुकडा बसवला, लांबी ८-९ इंच, रुंदी मध्यावर ४ इंच, की चार शिवणी एकमेकींपासून लांब जातात आणि मांडी मोकळी पडते. कॅलिफोर्नियात माइक ग्रॅहम या गिर्यारोहकाने १९८२ मध्ये "ग्रामिची" नावाची विजार काढली ती याच तुकड्यावर, कडे चढताना पाय वर टाकता यावा म्हणून. तिथे ती चढाईची विजार झाली. इथे तीच मांडी घालायची विजार होऊ शकते, वरून अगदी ऑफिसची, क्रीजसकट. गणवेशाच्या विजारीचा तुमचा पॅटर्न तयारच आहे, शाळेतली मुलं जमिनीवर बसतात तेव्हा तो कुठे फाटतो हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आता शंभर नगांचं. शंभर एकदम कापू नका. कंबरेचे पाच आकार, ३० ते ३८. त्यात ३२, ३४ आणि ३६ जास्त, दोन्ही टोकं थोडी. पायाची कड न शिवता, नुसती ओव्हरलॉक करून पाठवा आणि सोबत त्याच कापडाचा हातभर तुकडा द्या. उंची माणसाला जवळच्या शिंप्याकडून करून घेता येते, त्यामुळे उंचीचे वेगळे आकार ठेवावे लागत नाहीत आणि परत येणारे नग कमी होतात. मागच्या मधल्या शिवणीत एक इंच कापड सोडा. ऑनलाइन विजार परत येते ती जास्त करून कंबरेमुळे, आणि तो इंच असला तर गिऱ्हाईक परत पाठवण्याऐवजी सैल करून घेतं. मापांच्या तक्त्यात अंगाचं माप आणि विजारीचं माप दोन्ही वेगवेगळं छापा. मांडीचं आणि आसनाचं मापही द्या. ते देणारे फार थोडे आहेत, आणि बिचारं गिऱ्हाईक तेच शोधत असतं.

बेटाब्रँडची एक पद्धत तुम्हाला फार उपयोगी पडेल. ते नव्या कल्पनेचा नमुना साइटवर ठेवत, लोक मत देत, आगाऊ पैसे भरत, आणि पुरेसे लोक जमले तरच माल शिवायला जाई. तुम्ही पाच नग शिवा, पाच वेगवेगळ्या अंगाच्या माणसांना घालायला द्या, त्यांचे मांडी घालून बसलेले फोटो काढा आणि २५-३० जणांची आगाऊ मागणी आली की तागा घ्या. त्या कंपनीनेही गिऱ्हाइकांनी पाठवलेले स्वतःचे फोटो मोठ्या हौसेने वापरले. नेहमीची पोटं, नेहमीचे गुडघे दिसले की माप पटतं.

किमतीत एक काळजी घ्या. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. २,६०० ची किंमत लावून उगाच गिऱ्हाइकावर भार टाकू नका. आणि कारागिराचा दर गणवेशाच्या दराने धरू नका. शंकरपाळीच्या तुकड्याचे चार कोपरे नेमके बसवायला सुरुवातीला तिप्पट वेळ लागतो. कोपऱ्याला पाव इंच आधी टीप थांबवून, सुई खाली ठेवून, कापड वळवायचं. घाईत तो कोपरा चुरगळतो आणि नेमका तिथेच पहिला धागा उसवतो. पहिले दहा नग त्याला दिवसाच्या पगारावर करू द्या, नगावर नको.

नमुना झाला की एक करा: घरातल्या कुणाला तरी तो घालून दीड तास मांडी घालून बसवा, जेवायला किंवा भजनाला. उठल्यावर विजार उलटी करा आणि ते चारही कोपरे उजेडात धरून बघा. टाक्यांच्या भोकांतून उजेड मोठा दिसत असेल, तर तुकडा आणखी अर्ध्या इंचाने रुंद करून परत कापा. बघून मला कळवा, मागून आणि बाजूने काढलेला फोटो पाठवलात तर पॅटर्नमध्ये कुठे सोडायचं ते खुणा करून देईन.